आधुनिकता कुणाच्या हाती?

मागच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन राळेगणसिद्धीला गेलो होतो. दिवसभर नालाबांध आणि पाझर तलाव पाहिले. रात्री मुक्कामी मी मुलांना ‘नर्मदा डायरी’ हा माहितीपट दाखवला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा, १९९५ सालचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या मणिबेलीच्या आणि आसपासच्या आदिवासींचा लढा त्यात आहे. मणिबेली तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारात.

माहितीपट संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हा परंपरा आणि आधुनिकता यांचाच झगडा ना? बाबासाहेब तर आधुनिकतेच्या बाजूचे. मग आपण धरणाच्या बाजूने का नाही?”

प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे योजनेला चालना दिली. पाणी, वीज आणि उद्योग यांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांवर प्रहार करताना त्यांनी राज्यघटनेचा घटक म्हणून गाव नाकारले आणि व्यक्ती स्वीकारली. त्यांची आधुनिकता या व्यक्तीच्या हक्कात आहे, सिमेंटात नाही.

याच मापाने दोन्ही ठिकाणे मोजू. मणिबेलीचा आदिवासी होळी पेटवतो, नदीला आई मानतो, म्हणून तो मागासलेला ठरतो. पण त्याच्या लढ्याने काय विचारले? आमची जमीन कोणत्या अधिकाराने घेता? बदली जमीन कुठे आहे? आम्हाला न विचारता निर्णय कोणी केला? हे प्रश्न नागरिकाचे आहेत. जागतिक बँकेचे उरलेले कर्ज १९९३ साली बंद झाले, तरी धरण चढतच गेले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले.

राळेगणात याच्या उलट दिसते. पाणलोटाच्या कामाने १९७५ नंतर दुष्काळी माळाला पाणी दिले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. दलित कुटुंबांचे कर्ज फिटावे म्हणून गावकरी त्यांच्या शेतात राबले, हेही खरे. पण दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची जी रीत तिथे पडली, ती राज्यघटनेची नव्हे, गावगाड्याची. मुकुल शर्मा यांनी ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ या २०१२ सालच्या पुस्तकात या गावाची चिकित्सा केली आहे. दलितांना जवळ घेताना त्यांनी शाकाहारासह सवर्ण वळण उचलावे, ही अपेक्षा त्यांनी उघड केली. म्हणजे तंत्र नवे, हुकमत जुनी.

मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले: परंपरा कोणती आणि आधुनिकता कोणती, हे आधी शोधू नकोस. ज्याचे जाते त्याला ‘नाही’ म्हणता आले का, ते बघ.

सकाळी गाव दाखवणाऱ्या गृहस्थांना त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “ग्रामसभेत दलितवस्तीतून कोण बोलतं?”