दाताचा ठसा आणि सोन्याची टोपी

किडलेल्या दातावर बसवावयाची टोपी प्रयोगशाळेत घडते. तेथील कारागिराने रुग्णाला बहुधा पाहिलेलेही नसते. त्याचा सारा भरवसा ठशावर. ठसा समुद्रशैवालापासून काढलेल्या अल्जिनेटचा असेल, तर त्यात प्लास्टर लवकर ओतावे लागते. विलंब झाल्यास पाणी उडून ठसा आक्रसतो.

प्लास्टरच्या प्रतिकृतीवर मेणाची टोपी कोरतात, ती उष्णता सोसणाऱ्या मिश्रणात पुरतात, भट्टीत मेण जाळतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले सोने ओततात. मूर्तिकारांची हीच रीत १२ व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात वर्णिली आहे. दंतवैद्यकात ती १९०७ साली अमेरिकेच्या विल्यम टॅगर्ट यांनी रूढ केली.

निवताना सोने सुमारे दीड टक्का आक्रसते. म्हणून भोवतालचे मिश्रण तेवढेच प्रसरण पावणारे असावे लागते. हा हिशेब चुकला, तर टोपी दातावर नीट बसत नाही, किंवा फटीत अन्नकण शिरून झाकलेला दात आतून पुन्हा किडतो. ठसा घट्ट होईतो काही मिनिटे निश्चल बसणे, एवढेच रुग्णाच्या हाती असते. परंतु पुढील सारे त्यावरच उभे राहते.