आषाढीचा उपवास आणि घरातील रुग्ण

आषाढ शुद्ध एकादशी उजाडली की चातुर्मासाला आरंभ होतो. मुलुंड व भांडुप यांच्यामध्ये वसलेल्या नाहूरसारख्या उपनगरातही त्या दिवशी घरोघरी विठुरायाच्या तसबिरीला तुळशीची माळ चढते आणि स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत पडतो. मुलगा-सून लोकलने कामावर निघून जातात. घरात उरतात ती वृद्ध माता-पिता, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकादशी मोडली नाही. मात्र आता त्यांच्या देवघराशेजारीच मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असते. व्रत पाळावे की औषध घ्यावे, असा पेच मग पडतो.

वस्तुतः हा पेच आपल्या परंपरेने पूर्वीच सोडविला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीमध्ये, ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही त्या सांगितल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध यांच्याबरोबर औषधाचाही त्यांत समावेश आहे. गोळी घेतल्याने एकादशी मोडते, ही समजूत म्हणूनच निराधार ठरते.

खरा धोका दुहेरी आहे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे होत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, अथवा ही लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. घरात एकटे असणाऱ्या वृद्धाच्या हाताशी साखरेची वाटी आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुसरा धोका 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीत आहे. साबुदाणा हे टॅपिओकाच्या कंदातील जवळजवळ शुद्ध पिष्ट होय. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, प्रथिने मात्र नाममात्र. खिचडीने साखर झपाट्याने चढते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक व मूठभर शेंगदाणे असा आहार मधुमेह्यास अधिक मानवतो. वरी चालेल, पण बेताने. भगरीतून विषबाधा झाल्याच्या वार्ता उपवासाच्या दिवसांत वारंवार येतात. म्हणून ती ताजी व स्वच्छ पाहून घ्यावी आणि पीठ घरीच दळावे.

रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांनी सैंधवाविषयी भ्रमात राहू नये. सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, आणि ती मर्यादा सैंधवालाही लागू आहे. तळलेले वेफर्स व बटाट्याचा चिवडा यांत मीठ आणि तेल दोन्ही भरपूर असते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी निर्जळी उपवास तर मुळीच करू नये.

सर्वांत जपावे ते मूत्रपिंडाच्या रुग्णांस. बटाटा, रताळे, केळे, शहाळ्याचे पाणी हे उपवासाचे नेहमीचे पदार्थ पोटॅशियमने समृद्ध असतात. दुर्बल मूत्रपिंडास ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात ते वाढले की हृदयाची लय बिघडते. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही बहुधा पोटॅशियमयुक्त असते. बटाटा द्यायचाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडावा व ते पाणी टाकून द्यावे. तोही वैद्यकीय सल्ल्याने व अल्प प्रमाणात.

एकादशीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा व मात्रा विचारून घ्याव्यात. आपल्या मनाने एकही औषध बंद करू नये. ज्यांना उपवास वर्ज्य आहे त्यांनी नामस्मरण करावे, तुळशीपत्र घ्यावे, आणि त्यांच्या ताटातले साधे जेवण घरच्यांनी अपराध मानू नये. उपवास या शब्दाचा अर्थच मुळी जवळ राहणे असा आहे. आजारी आई-वडिलांना वेळेवर घास भरविणारा मुलगाही त्या दिवशी पांडुरंगाच्या जवळच असतो.