नाव एक, नोंदी पाच : मुलांच्या हाती द्या हा तक्ता

राणीसावरगावात आठवी-नववीतल्या मुलाला विचारा, कॉम्प्युटर शिकून काय करणार? उत्तर ठरलेले असते : ॲप बनवणार. अब्बांनाही हे उत्तर आवडते, कारण कुणाचा तरी भाचा पुण्याला कंपनीत असतो आणि ईदला आला की त्याच्याच पगाराची चर्चा होते. पण ॲप म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग. माल असतो मागच्या गोदामात, आणि त्या गोदामाला डेटाबेस म्हणतात. सोप्या भाषेत, नीट आखलेला माहितीचा तक्ता. तो चुकीचा आखला गेला तर वरचे ॲप कितीही देखणे असो, उपयोगाचे नाही.

हे शिकायला उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. आपल्या घरातल्या कागदांच्या पिशवीतच ते आहे.

जन्माचा दाखला, आधार, शाळेचे जनरल रजिस्टर, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक. मूल एक, नोंदी पाच. अब्बा नाव सांगतात उर्दू उच्चाराने, शाळेत ते मराठीत लिहिले जाते, सेवा केंद्रात इंग्रजीत टाइप होते. ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबरच असतो. ‘मोहम्मद’ हे एकच नाव घ्या. इंग्रजीत पहिला स्वर ओ किंवा यू, मध्ये एक एम किंवा दोन, शेवटचा स्वर ए किंवा ई. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाली आठ स्पेलिंगे. लघुरूपे वेगळीच. त्यात ‘शेख’ कुठे आधी, कुठे शेवटी. आईच्या नावापुढे कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे काहीच नाही.

माणसाला हे सगळे एकच मूल दिसते. मशीनला वेगवेगळी मुले दिसतात, कारण मशीन अक्षरे जुळवते, चेहरा नाही. आठवीत एनएमएमएसची परीक्षा देऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ज्या घरात ऊसतोडीच्या उचलीवर वर्ष निघते, तिथे ही रक्कम लहान नाही. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मुलीने परीक्षा मेहनतीने पास करायची आणि अर्ज एका अक्षरावर अडायचा, हे शाळेत वारंवार पाहावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी, की मुलांनी पहिला डेटाबेस याच कामासाठी बनवावा. घरातल्या मोबाइलवर गुगल शीट्स मोफत मिळते, तेवढे पुरे.

बहुतेक मुले पहिल्या झटक्यात एक लांब तक्ता आखतात : मुलाचे नाव, मग ‘आधारवरचे नाव’, ‘शाळेतले नाव’, ‘बँकेतले नाव’ असे रकाने शेजारी शेजारी. हे दिसायला सोपे वाटते, पण उद्या अपार आयडीसारखी नवी नोंद आली की पुन्हा नवे रकाने, पुन्हा सगळी सूत्रे बदला. त्यापेक्षा दोन तक्ते करावेत. पहिल्यात फक्त मुले : क्रमांक, घरात ठरलेले नाव, इयत्ता. दुसऱ्यात कागदपत्रे, आणि एका ओळीत एका मुलाचा एकच कागद : मुलाचा क्रमांक, कागदाचा प्रकार, आडनाव, नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, कागद पाहिल्याची तारीख. नवा कागद आला की एक ओळ वाढते, तक्ता मोडत नाही. दोन तक्ते क्रमांकाने जोडण्याची ही कल्पना एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली आणि आजही बँकांचे बरेचसे काम तिच्यावर चालते.

जोडायला नाव का नको, क्रमांकच का? तर एका वर्गात एकाच नावाच्या तीन मुली असू शकतात, आणि आपण शोधायला निघालोय तो घोळही नावाचाच आहे. जे बदलू शकते, त्याला ओळखीची खूण करू नये.

आता काही खाचखळगे. हे पुस्तकात सहसा मिळत नाहीत, हाताने काम केल्यावरच कळतात. सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक 19 अंकी आहे. एक्सेल किंवा शीट्स मात्र संख्येचे पहिले 15 अंकच अचूक धरते. तो क्रमांक साध्या खान्यात टाइप केला की शेवटचे चार अंक गुपचूप शून्य होतात, आणि त्या शाळेत त्या वर्षी दाखल झालेली सगळी मुले एकाच क्रमांकाची दिसू लागतात! उपाय सोपा : टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नाहीच, ते नाव आहे असे समजावे. मोबाइल नंबरही तसाच.

तारखेचेही तसेच. 05/08/2013 म्हणजे आपल्याला 5 ऑगस्ट, अमेरिकन सेटिंगच्या फोनला 8 मे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे 2013-08-05 असे लिहिले की गोंधळ संपतो आणि तारखा आपोआप क्रमानेही लागतात.

तिसरा खळगा डोळ्यांना दिसतच नाही. नावाच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागा मशीनला वेगळे अक्षर वाटते. ‘ट्रिम’ हे सूत्र सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागा काढून टाकते. देवनागरीत नुक्त्याचा ‘ज़’ दोन तऱ्हांनी साठवला जातो : एकच अक्षर म्हणून, किंवा ज आणि वेगळा नुक्ता म्हणून. उर्दूत तर गंमतच. उर्दू कीबोर्डची छोटी ‘ये’ आणि अरबी कीबोर्डची ‘ये’ युनिकोडमध्ये निराळ्या आहेत, ‘काफ’चेही तेच. शब्दाच्या मध्ये त्या हुबेहूब दिसतात आणि जुळत नाहीत. उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे जरूर करून पाहावे. दोन लिप्या येणाऱ्या मुलाला हा प्रश्न चटकन समजतो, निव्वळ इंग्रजी येणाऱ्याला समजावून द्यावा लागतो.

तक्ता भरला की विश्लेषण. ‘एक्झॅक्ट’ हे सूत्र दोन खाने अक्षरागणिक ताडून ‘खरे’ किंवा ‘खोटे’ सांगते. मग ‘पिव्होट टेबल’ने मोजायचे : फरक आडनावात जास्त आहेत की वडिलांच्या नावात? कोणत्या कागदात जास्त? या मोजणीला व्यवहारात मोठा अर्थ आहे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे पाचपैकी कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे हे घरात बसून आधी ठरवावे, मग केंद्रावर जावे. चार कागद एकसारखे आणि एकच वेगळा असेल, तर दुरुस्ती त्या एकाची. हा निर्णय तक्ता एका नजरेत दाखवतो.

यापुढे ॲप. ‘ॲपशीट’ हे गुगलचे साधन याच शीटवरून मोबाइल ॲप उभे करते, कोड न लिहिता. स्वतः रचना शिकायची असेल तर ‘ॲप इन्व्हेंटर’ घ्या; ते 2010 मध्ये गुगलने आणले, आता अमेरिकेतली एमआयटी ही संस्था मोफत चालवते. त्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो. मग ‘एसक्यूलाइट’कडे वळावे. रिचर्ड हिप यांनी 2000 साली बनवलेला हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. त्याची भाषा म्हणजे तीन साधे प्रश्न : काय निवडायचे, कुठून, कोणत्या अटीवर.

हे सारे शहरातल्या मुलांसाठी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी राजस्थानातल्या अलवरचे शिक्षक इम्रान खान यांचे काम पाहावे. संस्कृत शाळेतल्या या शिक्षकांनी आपल्या आपण शिकून पन्नासहून जास्त शैक्षणिक ॲप बनवली आणि विद्यार्थ्यांसाठी मोफत ठेवली. नोव्हेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये त्यांचे नाव घेतले.

एक गोष्ट मात्र सक्तीने पाळावी. या तक्त्यात आधारचा किंवा बँक खात्याचा क्रमांक लिहू नये. स्पेलिंग ताडायला त्याची गरजच नाही. शेजारच्या घरांचे कागद पाहायचे तर आधी आईवडिलांना विचारावे. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. शीटची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर अजिबात नको.

आणि घरातला मोबाइल. तो बहुधा भावाच्या खिशात असतो आणि बहिणीच्या हाती आला तर रात्री, चार्जिंग संपत आल्यावर. या कामाला रोज अर्धा तास पुरतो. तो मुलीला द्यावा, शक्यतो अम्मीला शेजारी बसवून, कारण कुठला कागद कुठे ठेवला आहे हे घरात तिलाच ठाऊक असते.

फरक सापडल्यावर पहिली फेरी शाळेची. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत करून घेता येते, शाळा सोडल्यावर ती फार किचकट होते. नववीतल्या मुलांच्या घरी हा तक्ता या सुट्टीतच भरावा, म्हणजे दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी हाताशी काही महिने राहतील.