कोळशाची वाट – ११ : बंद यार्डात तपासायचं काय?

उदगीरच्या एका वाचकांनी विचारलंय, "परळीचे संच बंद असतात तेव्हा प्रदूषण मंडळाचे साहेब तिथे तपासतात तरी काय? ना धूर, ना धुराडं." त्यांच्या गावावरूनच परळीची रेल्वेलाइन जाते, तेव्हा विचारण्याचा हक्क त्यांचाच.

परळीचं औष्णिक वीजकेंद्र बंद पडलं ते पाण्यावाचून. फेब्रुवारी २०१३ मध्ये गोदावरीवरचा खडका बंधारा आटला आणि १,१३० मेगावॉटचं केंद्र थांबलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच गत. संच थांबले तरी मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी थांबत नाहीत. १९८१च्या हवा कायद्याचं कलम २४ मंडळाच्या माणसाला आत शिरून पाहण्याचा अधिकार देतं, तो चालू-बंद असा भेद करत नाही.

आणि खरं सांगू का, कोळशाच्या चालू यार्डापेक्षा बंद यार्डच जास्त खोडकर. कोळशाच्या मालगाड्या, म्हणजे रेक, येत-जात असताना कोळसा फार दिवस पडून राहत नाही. एकेका रेकमधून ४ हजार टनांच्या आसपास माल येतो आणि बॉयलरच्या पोटात जातो. केंद्र थांबलं की तोच ढीग महिनोन्महिने तिथेच. विदर्भातला आपला कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू शोषतो आणि आतल्या आत तापतो. बाहेरून काही दिसत नाही. आत ६०-७० अंशांपुढे गेला, की मग त्याला थोपवणं अवघड.

हिवाळा इथे उपयोगी पडतो. डिसेंबरात पहाटे अख्ख्या ढिगावर दव असतं, फक्त तापलेल्या जागी कोळसा कोरडा राहतो आणि वरून बारीक वाफ निघते. नाकाला रॉकेलसारखा वास येतो. ऊन चढलं की सगळं गायब. त्यामुळे अकराला येऊन, चहा घेऊन, वहीवर सही करून जाणाऱ्या साहेबाला यार्ड ठणठणीत दिसणारच! ज्याला खरंच पाहायचंय त्याने उजाडताना यावं आणि ढिगात लोखंडी नळी ठोकून आत तापमापी सोडावा.

हवेचं म्हणाल तर थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार राहते, वरची उबदार. झाकण बसल्यासारखी धूळ खालीच कोंडते. ती मोजायला वाऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन यंत्रं लावतात. फिल्टर कागद आधी तोलायचा, हवा ओढायची, पुन्हा तोलायचा. पीएम १० या बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. अलीकडचा आकडा पलीकडच्यातून वजा केल्याशिवाय यार्डाचा वाटा कळत नाही, रस्त्याची धूळही त्याच कागदावर बसते.

आता गंमत पाहा. धुळीवर उपाय म्हणजे फवारे, आणि केंद्र बंद पडतं ते पाणी नाही म्हणूनच. टँकर आणला तरी तापलेल्या जागी पाणी मारू नये. बारीक चूर वाहून जातो, भेगा पडतात, हवा आणखी आत शिरते. तिथला कोळसा डोझरने उकरून पसरायचा, निवू द्यायचा, मग थर देत दाबून बसवायचा. ढीग घट्ट दाबला की धूळही कमी उडते. म्हणून टंचाईच्या हिवाळ्यात मी आधी डोझरची लॉगबुक मागेन, पंपाची नंतर.