जन्मजात थायरॉइड: मुलींना धोका दुप्पट, मग मुलग्याची टेस्ट टाळायची का?

बोरिवली असो, अंधेरी असो की मुलुंड, बाळाला बघायला आलेल्या पाहुण्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "किती शहाणं बाळ आहे, रडतच नाही!" बहुतेक वेळा ते बाळ खरंच शांत स्वभावाचं असतं. पण क्वचित एखाद्या बाळाच्या या शांतपणामागे जन्मजात थायरॉइडची कमतरता असते. डॉक्टर तिला 'कंजेनिटल हायपोथायरॉइडिझम' म्हणतात. हा आजार मुलींमध्ये मुलग्यांच्या साधारण दुप्पट आढळतो, ही माहिती बरोबर आहे. पण "आम्हाला तर मुलगा झालाय, मग टेस्ट कशाला?" हा त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. का, ते समजून घेऊया.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन हे हार्मोन बनवते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते आणि त्यासाठी हे हार्मोन लागतंच. ते कमी पडलं आणि उपचार उशिरा झाले, तर बाळाची बुद्धी आणि उंची कायमची मागे राहू शकते.

अडचण अशी की जन्मतः काहीच दिसत नाही. पोटात असताना आईचं थायरॉक्सिन थोडंफार बाळापर्यंत पोहोचत असतं. त्यामुळे बहुतेक बाळं सुरुवातीला ठणठणीत वाटतात. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, दूध कमी ओढणं, सतत झोप, घोगरं रडणं, बेंबी फुगणं ही लक्षणं हळूहळू येतात. ती ओळखू येईपर्यंत मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात.

भारतात किती बाळांना होतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मुंबईसह पाच महानगरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली होती. त्यात साधारण दर ११३० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. मुंबईत अशा तपासणीचा प्रयत्न त्याही आधीचा आहे. डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या नवजात बाळांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८७ सालीच प्रसिद्ध केले होते.

मुलींमध्ये जास्त का?

याची मुख्यतः दोन कारणं असतात आणि दोन्हींमध्ये मुलगा-मुलगी प्रमाण वेगळं असतं.

पहिलं, ग्रंथी नीट तयारच न होणं. गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. कधी ती वाटेतच अडकते, कधी लहान राहते, तर कधी बनतच नाही. या प्रकारात मुली स्पष्टपणे जास्त आहेत. वाटेत अडकलेल्या ग्रंथीच्या बाबतीत तर हा फरक सर्वात ठळक दिसतो. असं का, याचं सिद्ध झालेलं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

दुसरं, ग्रंथी जागेवर आहे, पण हार्मोन बनवण्यात बिघाड आहे. हा बिघाड बहुधा आई आणि वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होतो. त्यामुळे इथे मुलगा आणि मुलगी दोघांना धोका जवळपास सारखाच असतो. नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या बाळांत हा प्रकार होण्याची शक्यता वाढते.

मोठेपणी बायकांना थायरॉइडचा त्रास जास्त होतो, तो वेगळा विषय. तिथे बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते. दोन्हींची गल्लत करू नका.

मग मुलग्याला धोका कमीच ना?

कमी आहे, पण शून्य नाही. दोनास एक हे प्रमाण धरलं, तर आजार असलेल्या १०० बाळांत साधारण ६७ मुली आणि ३३ मुलगे असतील. टेस्ट फक्त मुलींचीच केली, तर हे ३३ मुलगे निसटतील. उलट बाजूही लक्षात घ्या. मुलगी झाली म्हणून घाबरायचं काहीच कारण नाही, कारण हजारातल्या जवळपास सगळ्याच मुली निरोगी असतात. आणि आजार निघालाच, तर "गरोदरपणात काय खाल्लंस?" असं आईला विचारू नका. ग्रंथी नीट न बनण्यात बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते.

टेस्ट कशी होते?

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन टीएसएच तपासतात. जन्मताच टीएसएच आपोआप वाढतं आणि नंतर उतरतं, म्हणून हा वेळ थांबतात. लवकर डिस्चार्ज मिळणार असेल, तर जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त घेण्याचा पर्यायही असतो. टीएसएच जास्त आलं, तर लगेच शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांची टेस्ट पुन्हा करावी लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. पण त्यात हा आजार राज्यांसाठी ऐच्छिक यादीत आहे. म्हणून आपल्या बाळाची टेस्ट झालीच असेल, असं गृहीत धरू नका. विचारा.

उपचार काय?

रोज एक स्वस्त गोळी, लेव्होथायरॉक्सिन. ती चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात चमच्याने देतात. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधासोबत मात्र देत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात, खेळतात. काहींचा आजार तात्पुरता असतो. ते साधारण तिसऱ्या वर्षी डॉक्टरच तपासून ठरवतात. तोवर गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

डिस्चार्जच्या आधी एवढं करा

- "बाळाची थायरॉइडची टेस्ट झाली का? कधी?" हे विचारा.
- रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल, हे फाइलवर लिहून घ्या.
- बाळंतीण अंधेरीहून थेट गावी माहेरी जाणार असेल, तर तिथला चालू मोबाइल नंबर हॉस्पिटलला द्या. रिपोर्टमध्ये काही निघालं, तर फोन लागायला हवा.
- फोन आला नाही म्हणजे सगळं नॉर्मल, असं समजू नका. रिपोर्ट स्वतः मागून घ्या.

मुलगा असो वा मुलगी, टाचेतले ते चार थेंब दोघांसाठीही तेवढेच महत्त्वाचे आहेत. ओळखीत कुणाची डिलिव्हरी जवळ आली असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा.