भिंतीपलीकडे जाणाऱ्या मुली

मदर तेरेसांचे नाव जगाला ठाऊक होण्याआधीच कोलकात्याच्या एका शाळेतल्या मुली दर आठवड्याला गरिबांच्या दारी जात होत्या. त्यांच्या संघाची ही ओळख.

कोलकात्याच्या एंटाली भागात लोरेटो भगिनींचा मठ आहे. भिंतीच्या आत बाग, वर्ग, वसतिगृह आणि भिंतीला लागून मोतीझील ही झोपडपट्टी. लोरेटोच्या नियमाप्रमाणे भगिनींना सहसा मठाबाहेर पडता येत नसे. विद्यार्थिनींना मात्र ती आडकाठी नव्हती. ही वाट त्यांना दाखवली ती 'सोडॅलिटी'ने.

सोडॅलिटी म्हणजे मरियामातेच्या नावाने चालणारा भक्तिसंघ. १५६३ साली रोममधल्या जेझुइट महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी तो सुरू झाला. स्त्रियांना प्रवेश मिळायला मात्र १७५१ साल उजाडले! पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान अनेक देशांतल्या कॅथलिक मुली या संघात होत्या. प्रार्थना करायची आणि जोडीला गरजूंची सेवाही, असा त्याचा शिरस्ता.

स्कोप्येहून एंटालीला

युरोपातल्या स्कोप्ये गावी अशाच एका सोडॅलिटीत आग्नेस नावाची मुलगी होती. बंगालमध्ये काम करणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंची पत्रे तिथे वाचली जात. आई द्राना तिला सोबत घेऊन गरिबांच्या घरी अन्न पोचवायची. जानेवारी १९२९ मध्ये आग्नेस कलकत्त्याला उतरली. १९३१ मध्ये पहिली व्रते घेतल्यावर ती एंटालीच्या सेंट मेरीज या बंगाली माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवू लागली. तीच सिस्टर तेरेसा. पुढे १९४४ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या.

या शाळेतही सोडॅलिटी होती. बेल्जियन जेझुइट फादर ज्युलियन हेन्री मुलींना मार्गदर्शन करीत. काही मुली मोतीझीलमध्ये जात, तर काही कॅम्बेल रुग्णालयात. १९५० पासून नीलरतन सरकार यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे रुग्णालय. मुलींजवळ ना पैसा, ना औषधांचे ज्ञान. रुग्णाजवळ बसावे, विचारपूस करावी, ज्याला लिहिता येत नाही त्याचे पत्र लिहून द्यावे, एवढेच त्यांच्या हाती होते. पण ज्याच्याकडे कुणीच येत नाही, त्याला हे 'एवढेच' केवढे वाटत असेल!

संघातून संस्थेकडे

१० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत तेरेसांना मठ सोडून गरिबांमध्ये राहण्याची हाक जाणवली. रोमची परवानगी मिळाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि त्याच वर्षअखेरीस मोतीझीलमध्ये त्यांनी मुलांसाठी शाळा सुरू केली.

१९ मार्च १९४९ रोजी पहिली सहकारी आली, ती त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास. तिने धार्मिक नाव घेतले आग्नेस, आपल्या बाईंचे मूळचे नाव. तिच्यामागून आलेली मॅग्दालेना गोम्स पुढे सिस्टर गर्ट्रूड झाली आणि डॉक्टरही. सुरुवातीला आलेल्यांत बहुतेक जणी सेंट मेरीजच्याच माजी विद्यार्थिनी होत्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'ला रोमची मान्यता मिळाली.

मदर तेरेसांच्या कार्याची गोष्ट बहुधा त्या आगगाडीच्या प्रवासापासून सांगितली जाते. पण त्यांना साथ द्यायला ज्या तरुणी पुढे आल्या, त्या अशा शाळेत वाढल्या होत्या, जिथे गरिबाच्या खाटेजवळ जाऊन बसणे हा आठवड्याचा नेम होता. मोठ्या कामाला माणसे लागतात. ती घडत असतात, अशा लहानशा नेमातून.