लीगला आयुक्त हवा, पण मतदार यादीत कोण आहे?

इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलचा 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरू झालाच नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला होता. तो 8 डिसेंबर 2025 ला संपला. पुढे लीग कोणी चालवायची यासाठी महासंघाने निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतले. अखेर 6 जानेवारी 2026 ला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले, की 14 फेब्रुवारीपासून 14 संघांची लीग खेळवली जाईल.

या गोंधळात परळ-लालबागच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांचा एक प्रश्न हमखास ऐकू येतो. अमेरिकेत लीगला आयुक्त असतो, मग आपल्याकडे एक खमका आयुक्त का नेमत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण आयुक्त कसा निवडला जातो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेतल्या एनएफएलचे (तो फुटबॉल वेगळा, हाताने खेळायचा) आयुक्त रॉजर गुडेल 2006 साली निवडून आले. त्यांना 32 संघांच्या मालकांनी निवडले, आणि निवडीसाठी दोन तृतीयांश मते लागतात. खेळाडूंना त्यात मत नाही. त्यांची वेगळी युनियन आहे आणि ती आयुक्ताशी भांडते. म्हणजे आयुक्त हा काही तटस्थ पंच नसतो. ज्यांनी निवडला, त्यांचा तो माणूस असतो. यात लपवाछपवी नाही, एवढे मात्र मान्य करायला हवे.

आपल्याकडे असे पदच नाही. लीगचा कारभार कंपनीने पाहिला आणि मान्यता महासंघाने दिली. त्यामुळे लीगच्या प्रमुखाची निवड शोधत गेलो की आपण महासंघाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीपाशी येऊन थांबतो. तिथली 2022 ची गोष्ट आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे.

महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर 2020 मध्येच संपली होती, पण निवडणूक होत नव्हती. 18 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कार्यकारिणी बाजूला करून तीन प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायालयाने जी मतदार यादी मान्य केली, ती आजवर कोणी कल्पिली नव्हती. राज्य संघटनांचे 36 प्रतिनिधी आणि तितकेच, म्हणजे 36 नामवंत खेळाडू. त्यात स्त्रियाही. जे घाम गाळतात त्यांना निम्मी मते!

फिफाला हे पटले नाही. बाहेरच्यांचा हस्तक्षेप होतो आहे असे कारण देऊन तिने स्वातंत्र्यदिनाच्या रात्री भारताला निलंबित केले. ऑक्टोबरमध्ये मुलींचा 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता, काही सामने नवी मुंबईत. तो हातचा जाणार, या धास्तीने सगळे हलले. 22 ऑगस्टला न्यायालयाने प्रशासक समिती बरखास्त केली आणि मतदार यादीत फक्त राज्य संघटना उरल्या. 26 ऑगस्टला निलंबन उठले. 2 सप्टेंबरला मतदान झाले.

उमेदवार दोन, दोघेही माजी खेळाडू. गोलरक्षक कल्याण चौबे आणि भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया. भुतियाचे नाव त्याच्या स्वतःच्या सिक्कीमच्या संघटनेने सुचवले नव्हते. आंध्र प्रदेशने सुचवले, राजस्थानने अनुमोदन दिले. 34 मते पडली: चौबे 33, भुतिया 1. सूचक आणि अनुमोदक मिळून दोघे असताना मत एकच! चौबे हे महासंघाच्या 85 वर्षांच्या इतिहासातले पहिले माजी खेळाडू अध्यक्ष, असे कौतुक झाले. ते खरेही आहे. पण खेळाडू अध्यक्ष झाला आणि खेळाडूंना मत नव्हते, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या.

मग खेळाडूंना काय मिळाले? कार्यकारिणीत सहा जागा, चार पुरुष आणि दोन स्त्रिया. पण निवडून नव्हे, स्वीकृत सदस्य म्हणून. त्या सहांत भुतियाही होता. महापालिकेतला स्वीकृत नगरसेवक आपण पाहतो. तो सभागृहात बसतो, बोलतो, पण त्याला वॉर्डाने पाठवलेले नसते. ज्यांनी घेतले त्यांच्याकडे तो बघतो. माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्या खुर्चीचे पाय दुसऱ्याच्या हातात असतात.

हा फरक आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आणि मुंबईच्या खेळाच्या इतिहासात त्याचा धडा फार आधी दिला गेला आहे. बाळू पालवणकर चर्मकार समाजाचे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. त्यांच्या तोडीचा गोलंदाज तेव्हा देशात नव्हता, तरी चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. संघ निवडायचा तो मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींनी, आणि ती मंडळी कोण होती हे सांगायला नको. 1920 साली कर्णधार एम. डी. पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी त्या संघातून माघार घेतली. बोभाटा झाला, मग बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. तीन वर्षांनी, 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. निवड समितीला अचानक सुबुद्धी सुचली म्हणून हे घडले नाही. घरचे दोन खेळाडू मैदानाबाहेर उभे राहिले होते.

याच बाळूंना काँग्रेसने 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळूंना यासाठी दूषण द्यायचे कारण नाही. त्यांचे मोठेपण मैदानावरचे आहे आणि ते कायम राहील. मुद्दा वेगळा आहे. 1932 च्या पुणे करारात पाच वर्षांपूर्वी वाद झाला तो नेमका यावरच होता: अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांनी निवडायचा, की सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी निवडायचा? करारात तोड निघाली ती अशी, की आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार ठरवायचे आणि मग संयुक्त मतदान. आपला माणूस खुर्चीवर बसला एवढ्याने बाबासाहेबांचे समाधान झाले नाही. त्याला तिथे बसवले कोणी, हे त्यांनी प्रत्येक वेळी विचारले.

फुटबॉलकडे परत येऊ. 19 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना काही बदलांसह मान्य केली. न्या. नागेश्वर राव यांनी तिचा मसुदा केला होता. 14 जणांच्या कार्यकारिणीत आता किमान 5 नामवंत खेळाडू आणि त्यात किमान 2 स्त्रिया असतील. 2022 पेक्षा हे पुढचे पाऊल आहे, नाकारता येणार नाही. पण 'नामवंत' म्हणजे देशाकडून खेळलेला. परळच्या मैदानावर मुंबईच्या लीगमध्ये दहा वर्षे खेळून गुडघा गमावलेला पोरगा नामवंत नाही. त्याच्यासाठी आवाज उठवायचा तर वाट खालून वर जाते. त्याचा क्लब मुंबईच्या संघटनेशी संलग्न असतो, मुंबई वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे कूपरेजच्या 'विफा'शी, आणि विफाला दिल्लीत अख्ख्या महाराष्ट्राचे मिळून एक मत.

त्या एका मतापर्यंत आपल्या वस्त्यांतले किती क्लब पोचतात? बीडीडी चाळी, नायगाव, डिलाईल रोड, इथे फुटबॉल खेळणारी मंडळे कमी नाहीत. त्यांतली बरीचशी स्पर्धेपुरती नोंद करतात, वर्गणी भरतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली की ती कपाटात जाते. ज्यांचे क्लब आहेत त्यांनी यंदा ती नोटीस वाचावी. सभेत मत कोण टाकतो, तो ठराव मंडळाच्या बैठकीत झाला होता का, आणि त्या बैठकीला खेळणारी पोरे होती का, हे विचारायला दिल्लीला जावे लागत नाही.